जिवंतांच्या पानावरचं नाव

उलिताच्या अंगावर शेवटचं पाणी घालताना स्तेपानिदा म्हणाली, "पांढऱ्या पिठापायी पोटचं पोर जिवंतपणी पुरलं हिने. बघा, नखांत अजून पीठ सापडेल." बाकीच्या दोघी तोंडावर हात धरून हसल्या. मी पाय धूत होते. मी काही बोलले नाही. बोलायचं तिथे गप्प बसायचं आणि गप्प बसायचं तिथे तोंड उघडायचं, ही माझी खोड जुनीच आहे, आणि उलिताला ती चांगलीच महागात पडली.

म्हणून घरी येऊन वही काढली. एरवी हिच्यात मी चार ओळींच्या वर लिहीत नाही. आज कुठल्या संताचा दिवस, उपास कितवा, गाय किती दूध देते, नदी गोठली की नाही. आज जरा जास्त लिहिते.

उलिता येवसेयेव्हना आमच्या वेर्खोलुदाच्या चर्चमध्ये प्रसादाचे पाव भाजायची. हे काम कुणाही बाईला देत नाहीत. बाई विधवा लागते, एकदाच लग्न झालेली, जिच्याबद्दल गावात वाकडा शब्द नाही अशी. तिचा नवरा बर्फ फुटताना नदीत गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि निफोंत तीन. नंतर तीन मागण्या आल्या. त्यातली गिरणीवाल्याची तर माझ्या आईच्या मते सोन्यासारखी होती. उलिता म्हणाली, "गिरणीवाल्याकडे पीठ आहे, मान्य. पण माझ्या पोराला तो 'ए कार्ट्या' म्हणणार, आणि मी त्याचं पीठ खाऊन ऐकून घेणार. नको गं बाई." तेव्हापासून तिने चर्चची भट्टी धरली. शनिवारी पहाटे उठून ती पीठ मळायची. मळताना बोलायची नाही, फक्त प्रार्थना पुटपुटायची. दोन चकत्या एकावर एक ठेवायची, वर लाकडी शिक्का दाबायची. तिच्या पावाला कधी भेग गेलेली मी पाहिली नाही.

निफोंत नावा बांधायला शिकला. आमच्याकडे फळ्या खिळ्यांनी ठोकत नाहीत, झाडाच्या मुळांनी शिवतात. त्याच्या उजव्या हाताच्या टाक्याची नाव दहा वर्षं पाणी आत घेत नसे. १९१८ च्या उन्हाळ्यात लाल सैन्याची बोट नदीने वर निघाली, तेव्हा त्यांना सुतार हवा होता. निफोंत गेला. कुणी दंडाला धरून नेला नाही, स्वतःच्या पायांनी गेला. जाताना आईला म्हणाला, "आई, मी काही फार लांब जात नाही. याच नदीवर आहे."

महिनाभरात परक्यांच्या बोटी आल्या. इंग्रज, त्यांच्यामागून अमेरिकन, थोडे फ्रेंच. आमचे हे नदीवर बोटींना वाट दाखवायचे, त्यांना इंग्रजांनी कामावर घेतलं. घरी येऊन सांगायचे, "अन्फिसा, आज एका अमेरिकन पोराने मला विचारलं, जर्मनी कुठल्या बाजूला आहे. मी म्हटलं, बाळा, खूप मागे राहिली." कशासाठी आले होते हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. आम्हाला तर कोण सांगणार?

आल्या आल्या त्यांनी घरोघरची यादी केली: कुठल्या घरातला पुरुष कुठे आहे. पोरगं लाल सैन्यात असेल तर आईबापांना समुद्रातल्या बेटावर कैदेत पाठवत, आणि तिथून कुणी परत आलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. उलिताने सांगितलं, "बुडाला. बापासारखा, बर्फ फुटताना." लिहून घेणाऱ्याने लिहून घेतलं. गावाने मान हलवली. तेवढी माणुसकी गावात तेव्हा होती.

पण एक गोष्ट तिने केली नाही. आमच्याकडे घरटी एक छोटी वही असते. डाव्या पानावर जिवंतांची नावं, उजव्या पानावर गेलेल्यांची. रविवारी ती वेदीपाशी जाते, फादर एकेक नाव वाचतात आणि दर नावाला प्रसादाच्या पावाचा एक कण काढून ठेवतात. उलिताला अक्षर येत नव्हतं, तिची वही मीच लिहायचे. मी तिला म्हटलं होतं, "उलिता, निफोंतचं नाव या पानावरून काढू या का? नुसतं खोडते. लढाई संपली की परत लिहू." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी लेखणी खाली ठेवली. "साहेबाशी खोटं बोलले ते बोलले," ती म्हणाली, "पण देवाला काय सांगू, पोरगं नाहीच म्हणून?"

आणि जिवंत माणूस चुकून उजव्या पानावर गेला, तर तो वाळत जातो, झिजतो, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता पिठाचं. आमच्याकडे गहू पिकत नाही. सातू पिकतो, तोही देवाची मर्जी असली तर. परके येण्याच्या आदल्या वर्षी गव्हाचं पीठ यायचं थांबलं, आणि गव्हाशिवाय प्रसादाचा पाव होत नाही, पावाशिवाय पूजा होत नाही. सबंध हिवाळा आम्ही बिनपूजेचे रविवार काढले. घरात सातूच्या पिठात झाडाची साल कुटून घालत होतो, त्याचं मला एवढं वाटत नव्हतं; पण चर्चमध्ये जाऊन नुसती स्तोत्रं ऐकून परत यायचं, याने माझा जीव तुटायचा. मग इंग्रजांनी गावाला पीठ द्यायला सुरुवात केली. पहिलं पोतं उघडलं तेव्हा आम्ही बायका त्यात हात घालून उभ्या राहिलो. बर्फासारखं पांढरं! त्या रविवारी उलिताच्या पावाचा वास आला आणि मी रडले. परक्याचं पीठ, परक्या धर्माच्या माणसाने दिलेलं. पण मी म्हटलं, देवाने कावळ्यांकरवी संतांना भाकरी पाठवली होती, तसंच हेही.

वर्षभर असं चाललं. १९१९ च्या जुलै अखेरीस नवा लेफ्टनंट आला. इंग्रज नव्हे, आपलाच, रशियन, इंग्रजांच्या हाताखालचा. पाद्र्यांच्या शाळेत तीन वर्षं काढून बाहेर पडलेला. आधीच्यांना जे कधी सुचलं नव्हतं ते त्याला पहिल्याच दिवशी सुचलं. तो चर्चमध्ये आला, मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि मग फादर अर्दालिओन यांच्याकडून मृत्यूंची नोंदवही मागून घेतली. तीत निफोंत नव्हता. मग त्याने वेदीजवळच्या छोट्या वह्यांचा गठ्ठा ओढला. उलिताची वही उघडली. डाव्या पानावर, माझ्या अक्षरात, ठळक: निफोंत.

त्याने उलिताला बोलावलं. मी सोबत गेले.

"बसा मावशी," तो म्हणाला. आवाज अगदी गोड. "मुलगा बुडाला म्हणता. मेल्यानंतरची चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना नाही, नोंद नाही, आणि दर रविवारी त्याच्या आयुष्यासाठी पावाचा कण निघतोय. यादी खोटी की वही खोटी?"

"मी अडाणी बाई, साहेब."

"अडाणी बाई असा पाव भाजत नाही. मी खाल्लाय." त्याने वही मिटून टेबलावर ठेवली. "हे बघा, साहेबाला कागद हवा. कागद नसला तर तुम्ही बेटावर, आणि वर्षभर खोटं झाकलं म्हणून गावाचं पीठ बंद. मी तुमच्यावर उपकारच करतोय. संत लाव्रेन्तीच्या दिवशी मी चर्चमध्ये येईन. मुलाची मृतांची प्रार्थना होऊ द्या, फादर नोंद करतील, मी त्याची नक्कल नेईन. संपलं."

"माझं पोर जिवंत आहे," उलिता म्हणाली. अगदी स्पष्ट म्हणाली.

लेफ्टनंट खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हे मी ऐकलं नाही. दहा दिवस आहेत."

पीठ त्याच दिवशी बंद झालं.

त्या दहा दिवसांत गाव कसं बदललं, ते लिहायला लाज वाटते. आधी बायका उलिताच्या दारात येऊन हळहळायच्या. चौथ्या दिवसापासून दारावरून मोठ्याने बोलत जायला लागल्या. स्तेपानिदा विहिरीवर म्हणाली, "एकीचं पोरगं लाल झेंड्याखाली मजा मारतंय, आणि आमच्या पोरांनी साल चघळायची!" उलिता बादली भरत राहिली. "स्तेपानिदा," ती म्हणाली, "तुझा पोरगा येगोर आजारी होता तेव्हा त्याच्या नावाचा पाव मी सात रविवार फुकट भाजला." "तो मेला की नाही शेवटी?" स्तेपानिदा म्हणाली. उलिताने बादली उचलली आणि ती घराकडे निघाली.

फादर अर्दालिओन भले होते पण घाबरट. "प्रार्थना म्हणजे शब्दच, लेकी," असं ते स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणायचे.

शेवटी तिला वळवलं ते मी. हे मला लिहिलंच पाहिजे.

आठव्या दिवशी मी तिच्याकडे गेले. भट्टी थंड होती. मी म्हटलं, "उलिता, तू बेटावर गेलीस तर निफोंतसाठी प्रार्थना कोण करणार? आणि पीठच नाही तर पूजा नाही. सगळ्या गावाच्या जिवंतांची नावं न वाचता राहतील. त्याचंही."

"मी त्याला माझ्या तोंडाने मारू?"

"मारू नकोस. तुझ्या सासऱ्यांचं नाव काय होतं?"

सासऱ्यांचं नाव निफोंतच. नातवाला त्यांचंच नाव ठेवलेलं.

"तू मनात सासरे धर," मी म्हटलं. "फादर नुसतं 'निफोंत' म्हणतील. देवाला माहीत कोणता निफोंत. लेफ्टनंटाला नाही."

मला त्या क्षणी स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. तसं माझ्या या वहीत लिहिलेलंही आहे, खोडलेलं नाही: "उलिता तयार झाली. देवाने मला युक्ती सुचवली." देवाचं नाव मी किती सहज घेतलं!

संत लाव्रेन्तीच्या दिवशी, दहा ऑगस्टला, चर्च भरलं होतं. रीतीप्रमाणे मनुके घातलेला गोड भात केला होता. तांदूळ इंग्रजांचा, लेफ्टनंटानेच पाठवलेला. उलिता मेणबत्ती धरून पुढे उभी. फादरांनी सुरुवात केली, आणि नाव आलं तेव्हा ठरल्याप्रमाणे म्हणाले, "तुझा सेवक निफोंत." उलिताचे ओठ हलत होते. ती सासऱ्यांसाठी म्हणत होती, मला माहीत होतं.

मागून लेफ्टनंटाचा आवाज आला, शांत, पाठ असल्यासारखा. "नुकताच निवर्तलेला, फादर. असं म्हणायचं असतं. नुकताच निवर्तलेला निफोंत."

सासऱ्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

फादर थांबले. सगळं चर्च थांबलं. त्यांनी उलिताकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नुकताच निवर्तलेला तुझा सेवक निफोंत." पुढे तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा गायकांनी सूर उचलला आणि सवयीने सगळं गाव गायलं. मीही गायले. उलिताच्या हातातली मेणबत्ती वाकून तिच्या मनगटावर मेण सांडत होतं, तिने हात हलवला नाही.

नंतर भात वाटला. स्तेपानिदाने दोनदा घेतला.

पीठ सुरू झालं. दुसऱ्या दिवशी उलिताने शिक्का रुमालात बांधून फादरांना परत केला. "या हातांनी आता हे काम नको." फादर म्हणाले, पाप असेल तर ते माझ्या डोक्यावर. ती म्हणाली, "वाटून घ्यायला ते काय भात आहे?" शिक्का स्तेपानिदाकडे गेला. तीही विधवा, एकदाच लग्न झालेली. नियमात बसत होतं.

चार आठवडे. ते पीठ आम्ही चार आठवडे खाल्लं. मग एका सकाळी आमचे हे धावत आले, "चालले! इंग्रज चालले!" धक्क्यावर ते कोठार रिकामं करत होते. बोटीत भरत नव्हते, लाल सैन्याच्या हाती पडू नये म्हणून संगिनीने पोती फाडून नदीत ओतत होते, उरलेली तशीच ढकलत होते. पाण्यावर दुधासारखी साय धरली. बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या, कारण भिजलेल्या पोत्याची बाहेरून पोळी होते पण आत पीठ कोरडं राहतं. लेफ्टनंट बोटीच्या कठड्याशी उभा होता. त्याला हे आधीपासून माहीत होतं का? आमचे हे म्हणतात, महिनाभर आधी सगळ्यांनाच माहीत होतं. मग तो कागद कुणासाठी हवा होता? ती नक्कल कुठल्या टेबलावर पोचली? मी देवाला हे विचारून पाहिलं आहे.

उलिता काठावर होती. पाण्यात उतरली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत लाल सैन्य आलं आणि मार्चात, घसरगाडीतून, निफोंत. जिवंत! मी धावत गेले, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. पाहिलं तर कोटाची उजवी बाही खिशात खोचलेली. खांद्यापासून हात नव्हता.

उलिता त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती, आंधळ्यासारखा. घर माणसांनी भरलं. स्तेपानिदाला राहवेना. "ये रे मेलेल्या!" ती हसत म्हणाली. "तुझ्या नावाचा भात खाल्लाय आम्ही, इंग्रजी तांदळाचा, मनुके घालून!"

निफोंतही हसला. "कसा झाला होता?" मग त्याला कुणी कुणी सांगत गेलं, एकाचं तोडून दुसरं. पीठ, लेफ्टनंट, प्रार्थना. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कधी केलंत हे?"

"संत लाव्रेन्तीला," मी म्हटलं.

त्याने डाव्या हाताने दवाखान्याचा कागद काढून मला दिला. बाकी कुणाला वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं, "तोफगोळ्याने जखमी, दहा ऑगस्ट १९१९." आणि लगेच, विचार न करता, कारण सगळ्या संतांचे दिवस मला तोंडपाठ आहेत ना, माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! संत लाव्रेन्ती! त्याच दिवशी!"

उलिताने खाली बसून घेतलं.

निफोंतने कागदाची घडी केली. तो काहीच म्हणाला नाही. पण त्या दिवसापासून त्याने आईच्या हातचं खाल्लं नाही. बटाटा गुडघ्यात धरून डाव्या हाताने स्वतः सोलायचा, स्वतः उकडायचा. उलिता पाव समोर ठेवायची, तो म्हणायचा, "राहू दे, आई." दोन आठवड्यांनी व्होलोग्दाला निघून गेला. तिथे एका हाताच्या माणसांना कारकुनी देत होते.

त्यानंतर उलिता दीड वर्ष जगली, जगली म्हणायचं तर. दर बुधवारी आणि शुक्रवारी निर्जळी उपास. फादरांकडे जाऊन एकच कबुली: मी माझ्या मुलाचा हात तोडला. स्तेपानिदाने ती गोष्ट गावभर अशी फिरवली की शेजारच्या खेड्यांतल्या बायका पोरांना म्हणायच्या, "गप्प बस, नाहीतर उलिताकडे देईन."

गेल्या वर्षी ग्रामसमितीच्या भिंतीवर नव्या सरकारची दिनदर्शिका लागली. आमचे हे तिच्यापुढे उभे राहून कुरकुरत होते, "आज आपल्याकडे एक तारीख, आणि ह्यांच्याकडे चौदा." मी म्हटलं, असं कसं? ते म्हणाले, "लाल सैन्यात पहिल्यापासून असंच. ते आपल्यापुढे तेरा दिवस असतात."

मी घरी आले आणि या वहीची १९१९ ची पानं काढली. त्यांची दहा ऑगस्ट म्हणजे आपली अठ्ठावीस जुलै. तिथे माझ्याच अक्षरात: "पहाटेपासून नदीच्या वरच्या अंगाला तोफा. खिडक्या थरथरल्या. दूध नासलं." लेफ्टनंट अजून गावात आला नव्हता. उलिताच्या वहीत निफोंत डाव्या पानावर होता, आणि त्या आठवड्यात त्याच्या नावाचा कणही निघाला होता. त्याचा हात गेला तेव्हा त्याची आई त्याच्या आयुष्यासाठीच मागत होती. प्रार्थना झाली ती तेरा दिवसांनी.

मी तशीच पळत गेले. उलिताने सगळं ऐकलं. मला वाटलं, रडेल, देवाचे आभार मानेल. ती म्हणाली, "तेव्हा तूच म्हणालीस त्याच दिवशी. आता तूच म्हणतेस नाही. मी कोणत्या अन्फिसाचं ऐकू?" मग म्हणाली, "त्याला लिही. त्याला कळू दे."

मी लिहिलं. तीन पानं लिहिली. दोष माझा, युक्ती माझी, वाचन माझं, सगळं लिहिलं. उत्तर यायला दोन महिने लागले. उलिता लिफाफा न फोडता घेऊन आली. तिच्या हाताला थंडीने भेगा पडल्या होत्या. मी उघडलं. चारच ओळी होत्या. वाचण्याआधी माझ्या मनात आलं, की काहीतरी दुसरंच वाचावं. अडाणी बाई, तिला काय कळणार? पण माझं शहाणपण तिने एकदा भोगलं होतं. जसं होतं तसं वाचलं:

"अन्फिसाकाकू, तेरा दिवसांचा फरक मला त्याच दिवशी माहीत होता. मी दोन वर्षं त्याच तारखा लिहीत होतो. तारखेचं मला काही नव्हतं. गाव गात होतं, ती उभी होती, आणि नंतर सगळ्यांनी पीठ नेलं. पुन्हा लिहू नका."

मी कागद खाली ठेवला. म्हणजे वर्षभर ही बाई जे पाप कुरतडत बसली होती ते तिचं नव्हतंच, आणि ज्यासाठी मुलगा गेला होता ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "उलिता, तो लहान आहे अजून. राग जाईल."

"राग कशाला जाईल?" ती म्हणाली. "बरोबर आहे त्याचं." मग तिने कागद हातात घेतला, उलटा धरला, पुन्हा सुलटा केला. "हे त्याचं अक्षर आहे का? डाव्या हाताचं?"

मी पाहिलं. गोल, नीटस, ओळीत बसवलेलं अक्षर. "नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलंय."

"बाईचं आहे?"

"वाटतं तसं."

"मग कुणीतरी आहे त्याच्याजवळ," उलिता म्हणाली. "पाव कापून देणारं." आणि तिने पत्राची घडी करून ती अंगरख्याच्या आत ठेवली. आज तिला न्हाऊ घालताना ते मीच काढून घेतलं, बायकांच्या हाती पडू नये म्हणून.